ऱ्होडिओला आणि थकवा: एका अनपेक्षित चाचणीचे चिकित्सक वाचन



परीक्षा जवळ आल्या की औषधांच्या दुकानातल्या एका फळीकडे तुमचे लक्ष हमखास जात असेल. 'थकवा घालवते', 'एकाग्रता वाढवते', 'शतकानुशतकांची परंपरा', 'वैज्ञानिकदृष्ट्या सिद्ध' अशी वाक्ये तिथल्या डब्यांवर शेजारी-शेजारी छापलेली असतात. यातले शेवटचे वाक्य तपासता येण्याजोगे आहे, कारण 'सिद्ध' म्हणणाऱ्याने कोणावर, काय मोजून आणि कशाच्या तुलनेत सिद्ध केले हे दाखवायला हवे. या टिपणात आपण अशी एक चाचणी बारकाईने वाचणार आहोत. वनस्पती आहे ऱ्होडिओला रोझिआ. चाचणी २०१४ साली 'प्लॉस वन' या मुक्त नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तिच्यात भाग घेणारे तुमच्यासारखेच विद्यार्थी होते, आणि निकाल मात्र कोणालाच अपेक्षित नव्हता.

१. वनस्पती आणि तिची ख्याती

ऱ्होडिओला रोझिआ ही थंड प्रदेशातली, मांसल पानांची वनस्पती आहे. स्कँडिनेव्हिया, सायबेरिया आणि अल्ताय पर्वताच्या परिसरात ती आढळते. तिचे मूळ कापले की गुलाबासारखा वास येतो, म्हणून लिनिअसने १७५३ मध्ये तिला हे नाव दिले. रशियात तिला 'सोनेरी मूळ' म्हणतात. शीण जावा, थंडीत अंगात बळ राहावे यासाठी तिथले लोक हे मूळ पूर्वापार वापरत आले आहेत.

या लोकवापराला प्रयोगशाळेत आणले ते सोव्हिएत संशोधकांनी. निकोलाय लाझारेव यांनी १९४७ मध्ये 'अॅडाप्टोजेन' ही कल्पना मांडली. शरीराला ताणाशी जुळवून घ्यायला मदत करणारा पदार्थ, असा तिचा अर्थ. पुढे १९६९ मध्ये ब्रेखमन आणि दार्दिमोव यांनी तिचे निकष ठरवले. पदार्थ निरुपद्रवी असावा, त्याचा परिणाम कोणत्याही एका ताणापुरता मर्यादित नसावा, आणि बिघाड कोणत्याही दिशेचा असला तरी त्याने शरीर पूर्वपदावर आणावे, असे ते निकष होते. यातला तिसरा निकष लक्षात ठेवा. पुढे त्याच्याकडे परत यायचे आहे.

२. आधीच्या चाचण्या काय सांगत होत्या?

२०००च्या सुमारास या मुळाच्या अर्कावर माणसांमध्ये नियंत्रित चाचण्या होऊ लागल्या. त्यांतल्या बऱ्याच 'एसएचआर-५' या ठरावीक अर्कावर आहेत. हा अर्क स्वीडिश हर्बल इन्स्टिट्यूट या उत्पादक संस्थेचा, आणि त्या संस्थेशी निगडित संशोधक काही चाचण्यांच्या लेखकांत आहेत. एवढ्यावरून निष्कर्ष खोटे ठरत नाहीत, पण वाचताना ही गोष्ट नजरेआड करू नये.

पहिली चाचणी रात्रपाळी करणाऱ्या ५६ तरुण डॉक्टरांवर झाली. त्यांना दोन आठवडे रोज १७० मिलीग्रॅम अर्क किंवा प्लासिबो दिला गेला. मग विश्रांतीचा काळ ठेवून गटांची अदलाबदल केली गेली. स्मरण, आकडेमोड, एकाग्रता अशा पाच कसोट्यांवरून एक 'थकवा-निर्देशांक' काढला होता. सुधारणा नोंदली गेली ती पहिल्या दोन आठवड्यांच्या टप्प्यात. अदलाबदलीच्या चाचणीचे सारे बळ हे असते की प्रत्येक जण दोन्ही गोष्टी घेतो आणि स्वतःशीच तुलना होते. फायदा पहिल्या टप्प्यापुरताच सांगितला, तर ते बळ वापरलेच गेले नाही असे म्हणावे लागते.

दुसरी चाचणी रशियात शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांवर, परीक्षेच्या काळात २० दिवस झाली. शारीरिक क्षमता, मानसिक थकवा आणि काही हालचालींच्या कसोट्यांत अर्काचा गट सरस ठरला. मजकुरातल्या चुका शोधण्याच्या कसोटीत आणि बोटाने वेगाने टकटक करण्याच्या कसोटीत मात्र फरक पडला नाही. लेखकांनी निष्कर्षात म्हटले, की परिणाम लक्षणीय आहे, पण मात्रा बहुधा कमी पडली. हे वाक्य जरा उलटून पाहा. जिथे फरक दिसला तिथे श्रेय अर्काला आणि जिथे दिसला नाही तिथे दोष मात्रेला, अशी वाटणी केली की अर्क कधीच हरत नाही.

तिसरी चाचणी २००३ची, १६१ लष्करी छात्रांवरची. रात्रपाळीच्या थकव्यात एकच मात्रा दिली आणि फरक ठळक दिसला. मात्र लहान आणि मोठ्या मात्रेत लक्षणीय फरक आढळला नाही. मात्रा वाढली की परिणामही वाढावा, ही औषधशास्त्रातली सर्वसाधारण अपेक्षा असते. ती पुरी झाली नाही, तर निदान एक प्रश्नचिन्ह लावून पुढे जावे.

शारीरिक श्रमाबाबत २००४ची बेल्जियममधली चाचणी बोलकी आहे. २०० मिलीग्रॅमच्या एका मात्रेनंतर दमून थांबेपर्यंतचा वेळ १६.८ मिनिटांवरून १७.२ मिनिटांवर गेला, म्हणजे सुमारे २४ सेकंद वाढला. चार आठवडे रोज घेतल्यावर मात्र काहीच फरक पडला नाही. डब्यावर 'रोज घ्या' असे लिहिलेले असते, हे इथे आठवावे.

२००९ मध्ये स्वीडनमध्ये ताणामुळे थकलेल्या ६० जणांवर २८ दिवसांची चाचणी झाली. तिच्यात दोन्ही गट सुधारले, प्लासिबोचासुद्धा. काही मोजमापांत अर्काचा गट थोडा पुढे राहिला. समजा ही चाचणी प्लासिबो गटाशिवाय झाली असती, तर दोन्ही गटांत झालेली सगळी सुधारणा अर्काच्या नावावर जमा झाली असती. 'मी घेतले आणि मला बरे वाटले' या अनुभवाचे नेमके हेच होते. तो अनुभव खरा असतो, पण तुलना नसल्यामुळे कारण कळत नाही.

२०१२ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी या विषयावरच्या सगळ्या चाचण्यांचा पद्धतशीर आढावा घेतला. ११ चाचण्या निकषांत बसल्या. निरोगी लोकांतील शारीरिक थकव्याच्या सहापैकी दोन आणि मानसिक थकव्याच्या पाचपैकी तीन चाचण्यांनी फायदा सांगितला होता. पण एकूण एक चाचणीत पूर्वग्रहाचा धोका मोठा होता किंवा माहिती इतकी अपुरी होती की तो किती हे ठरवता येईना.

३. २०१४ची चाचणी

आढावा घेणाऱ्या त्या गटातल्या संशोधकांचा नव्या चाचणीतही सहभाग होता. पुरावा कच्चा आहे असे म्हणून थांबण्याऐवजी त्यांनी स्वतः चाचणी केली, याचे श्रेय त्यांना द्यायला हवे. एडमंटनच्या अल्बर्टा विद्यापीठातले, रुग्णालयात पाळीने काम शिकणारे १८ ते ५५ वयाचे ४८ परिचर्या विद्यार्थी निवडले गेले. त्यांची यादृच्छिक विभागणी झाली. कोणाला काय मिळते हे विद्यार्थ्यांनाही माहीत नव्हते आणि मोजणाऱ्यांनाही नव्हते. जाग आल्यावर ३६४ मिलीग्रॅमची एक कॅप्सूल, आणि हवी असल्यास पुढच्या चार तासांत आणखी एक, असे ४२ दिवस चालले.

थकवा मोजला तो 'रँड-३६' या आरोग्य-प्रश्नावलीतल्या चैतन्य-उपपट्टीने. तिच्या जोडीला रेषेवर खूण करून थकवा दाखवण्याची दुसरी पट्टी होती. ४२व्या दिवशी चैतन्याच्या गुणांतला बदल ऱ्होडिओलाच्या गटात प्लासिबोपेक्षा १७.३ गुणांनी खाली होता. ९५ टक्के विश्वास-अंतराल होते ३०.६ ते ३.९ गुण खाली, आणि पी-मूल्य ०.०११. दुसऱ्या पट्टीवरही थकवा १.९ने जास्त निघाला. दुष्परिणामांच्या संख्येत फरक नव्हता. थोडक्यात, थकवा घालवण्यासाठी दिलेल्या मुळाच्या गटात थकवा अधिक नोंदला गेला.

४. आकडे वाचायचे कसे?

१७.३ हा आकडा मोठा की लहान? चैतन्याच्या उपपट्टीत चारच प्रश्न असतात. उत्साह, अंगातली शक्ती, गळून गेल्याची भावना आणि दमणूक यांबद्दल गेल्या चार आठवड्यांत किती वेळा असे वाटले, हे ते विचारतात. प्रत्येक प्रश्नाला सहा पर्याय असतात आणि त्यांना ० ते १०० पर्यंत वीस-वीसच्या अंतराने गुण मिळतात. चारही प्रश्नांची सरासरी म्हणजे अंतिम गुण. म्हणून एका प्रश्नाचे उत्तर एका पायरीने बदलले की अंतिम गुण ५ने हलतात. त्या हिशेबाने १७.३ म्हणजे चारपैकी साडेतीन प्रश्नांत एकेक पायरी घसरण. 'क्वचित' म्हणणारा 'कधीकधी'वर यावा, एवढा हा फरक आहे. तो नगण्य नाही आणि भयंकरही नाही.

आता विश्वास-अंतराल पाहा. खरा फरक ३.९ इतका लहान, म्हणजे एका प्रश्नातल्या एका पायरीपेक्षाही कमी असू शकतो. तो ३०.६ इतका मोठा, म्हणजे सहा पायऱ्यांचा, असाही संभव आहे. पट्टा इतका रुंद असला, की दिशेबद्दल थोडे बोलता येते, आकाराबद्दल जवळजवळ काहीच नाही. पी-मूल्याचा अर्थही नीट लावा. मुळाचा काहीच परिणाम नसता, तरी एवढा किंवा याहून मोठा फरक शंभरातल्या साधारण एका चाचणीत नुसत्या योगायोगाने दिसला असता. 'मूळ अपायकारक असण्याची शक्यता ९९ टक्के' असा त्याचा अर्थ होत नाही. परीक्षेत ही चूक बरेच जण करतात.

५. चाचणीच्या मर्यादा

इथे थोडी कठोर टीका करणे भाग आहे. चाचणीच्या शीर्षकात 'मानसिक आणि शारीरिक थकवा' असे शब्द आहेत. वर सांगितलेले चार प्रश्न मात्र या दोहोंत भेद करतच नाहीत. दिवसभर रुग्णांना उचलून पाय भरून आलेली विद्यार्थिनी आणि औषधांच्या मात्रांचे हिशेब करून डोके जड झालेली विद्यार्थिनी, दोघी 'गळून गेल्यासारखे वाटते' असेच उत्तर देतील. ना जिने चढवून पाहिले, ना एकाग्रतेची कसोटी घेतली. शीर्षकाने दोन गोष्टींचे आश्वासन दिले आणि मोजपट्टीने एकच, तीही सरमिसळ झालेली, मोजली.

दुसरी गोष्ट मात्रेची. दुसरी कॅप्सूल घ्यायची की नाही हे विद्यार्थ्यावर सोपवले होते. जो जास्त थकला तो दुसरी कॅप्सूल घेणार, हे उघड आहे. मग मात्रा आणि थकवा यांचा संबंध शोधायला गेले, तर गाडी बैलापुढे की बैल गाडीपुढे हे समजेनासे होते.

तिसरी गोष्ट संख्येची. ४८ जण म्हणजे एका गटात सुमारे २४. एवढ्या लहान गटात दोन-चार जणांच्या पाळ्या बदलल्या, कोणाच्या घरी आजारपण आले, तरी सरासरी हलते. शिवाय लहान चाचण्यांत जो फरक 'लक्षणीय' ठरण्याइतका मोठा दिसतो, तो बहुधा खऱ्या फरकापेक्षा फुगलेलाच असतो. हा नियम ऱ्होडिओलाच्या बाजूच्या जुन्या चाचण्यांना जसा लागू, तसाच विरुद्ध गेलेल्या या चाचणीलाही लागू. एका बाजूला लावून दुसऱ्या बाजूला सूट दिली, तर ती टीका राहत नाही, वकिली होते. संशोधकांनीही हा निकाल जपून वाचावा असे म्हटले आहे, आणि ते योग्यच आहे.

६. बचावाचे युक्तिवाद

अशा निकालानंतर ठरलेले बचाव पुढे येतात. 'अर्क वेगळा होता' हा पहिला. यात तथ्य असू शकते, पण मग एका अर्कावरचे जुने अनुकूल निकालही बाजारातल्या प्रत्येक डब्याला लावता येणार नाहीत. बचाव स्वीकारायचा, तर त्याची किंमतही द्यायला हवी.

दुसरा बचाव अॅडाप्टोजेनच्या कल्पनेतून येतो आणि तो अधिक घातक आहे. पदार्थ शरीराला दोन्ही दिशांनी पूर्वपदावर आणतो, असे एकदा मान्य केले की उत्साह वाढला तर तो गुण, आणि मरगळ आली तर 'अतिउत्तेजित शरीर शांत झाले' हाही गुण. कोणताही निकाल ज्याच्याविरुद्ध जाऊ शकत नाही, असा दावा निरीक्षणाने तपासता येत नाही. ब्रेखमन यांच्या तिसऱ्या निकषाची अडचण इथे आहे. तो निकष वापरायचाच असेल, तर कोणत्या स्थितीत कोणती दिशा अपेक्षित आहे हे चाचणी सुरू होण्यापूर्वी लिहून ठेवले पाहिजे.

तिसरा बचाव परंपरेचा. युरोपीय औषध संस्थेच्या वनौषधी समितीने ऱ्होडिओलाला ताणातला थकवा, अशक्तपणा यांसाठी मान्यता दिली आहे ती 'पारंपरिक वापर' या सदरात. म्हणजे दीर्घकाळ वापर झाला आहे, एवढाच त्या मान्यतेचा आधार आहे. परिणाम चाचण्यांनी सिद्ध झाला असे ती म्हणत नाही. जाहिरातीत मात्र ही दोन वाक्ये अलगद एक होतात.

७. लडाखचा शोलो

हा विषय भारतापासून दूर नाही. लडाखच्या उंच भागात ऱ्होडिओलाची दुसरी जात, ऱ्होडिओला इम्ब्रिकाटा, उगवते. स्थानिक लोक तिला शोलो किंवा सोलो म्हणतात आणि तिची कोवळी पाने उकडून दह्यात घालून खातात. लेहमधल्या संरक्षण संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेत तिच्यावर काम झाले आहे. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पंतप्रधानांनी राष्ट्राला उद्देशून केलेल्या भाषणात तिचा उल्लेख केल्यावर देशभर तिचे नाव झाले.

वाचक म्हणून इथे तीन गोष्टी वेगळ्या करा. एक, जात वेगळी आहे. रोझाविन हे रोझिआचे ओळखचिन्ह मानले जाणारे द्रव्य इतर बऱ्याच जातींत मिळत नाही, त्यामुळे रोझिआवरचा निकाल, चांगला असो वा वाईट, शोलोवर तसाच चिकटवता येत नाही. दोन, भाग वेगळा आहे. तिथे पान खातात, कॅप्सूलमध्ये असतो मुळाचा अर्क. तीन, प्रमाण वेगळे आहे. जेवणातली भाजी आणि रोजची मोजून घेतलेली मात्रा यांत फरक असतो. 'लोक पिढ्यान्‌पिढ्या खात आले आहेत' हे वाक्य भाजीबद्दल खरे असेल, पण ते मुळाच्या अर्काचे प्रमाणपत्र होऊ शकत नाही.

डब्यात नेमके काय आहे, हा प्रश्नही उरतोच. ब्रिटनमध्ये विकल्या जाणाऱ्या उत्पादनांच्या २०१६च्या तपासणीत सुमारे एक-पंचमांश नमुन्यांत रोझाविन सापडलेच नाही. मागणीचा भार डोंगरावरही पडतो. मूळ खणले की रोप जाते. नोव्हेंबर २०२२ मध्ये पनामात झालेल्या परिषदेत ऱ्होडिओलाच्या जाती साइट्‌स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात घातल्या गेल्या, म्हणजे त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आले. अपुऱ्या पुराव्याची किंमत अशी गिऱ्हाइकाबरोबर वनस्पतीलाही मोजावी लागते.

८. समारोप

तर मग या चाचणीचे मोल काय? ऱ्होडिओलाने थकवा वाढतो, हे तिने सिद्ध केलेले नाही. तेवढे बळ तिच्या संख्येत आणि मोजपट्टीत नाही. पण 'थकव्यावर सिद्ध' हे वाक्य छापण्याचा आधार तिने नक्कीच डळमळीत केला. अनुकूल निकालांच्या गर्दीत प्रतिकूल निकाल जसा आला तसा प्रसिद्ध करणे, हेही संशोधनातले मोठे काम आहे. असे निकाल कपाटात राहिले, तर पुढचा आढावा घेणाऱ्याला फक्त यशाच्या गोष्टी मिळतात.

आणि एक गोष्ट कोणत्याही आकड्याबाहेरची. पाळीने काम करणारे ते ४८ विद्यार्थी थकले होते ते कामाच्या वेळांमुळे आणि झोपेच्या तुटीमुळे. थकवा ही बहुतेक वेळा शरीराने केलेली मागणी असते. ती मागणी कॅप्सूलने दाबता येते का, हा प्रश्न चाचणीने विचारला. ती मागणी पुरवायची कोणी, वेळापत्रक ठरवणाऱ्याने की थकलेल्या विद्यार्थ्याने, हा प्रश्न तुम्ही विचारायचा आहे. थकवा आठवडेच्या आठवडे हटत नसेल, तर पूरक आहाराच्या फळीकडे न जाता डॉक्टरांकडे जा. रक्तक्षय, थायरॉइडचा विकार, नैराश्य यांची सुरुवातही अशाच मरगळीने होऊ शकते.

विचारासाठी प्रश्न

१. मानसिक आणि शारीरिक थकवा वेगवेगळा मोजायचा असेल, तर तुम्ही प्रत्येकी कोणती एक कसोटी निवडाल? का?

२. दुसरी कॅप्सूल ऐच्छिक ठेवल्याने निष्कर्षाला कोणती बाधा येते? चाचणीचा आराखडा कसा बदलाल?

३. तुमच्या भागात थकव्यावर घेतला जाणारा एक पारंपरिक पदार्थ निवडा. त्याच्या वेष्टनावरचा एक दावा लिहा. कोणता निकाल आला तर तो दावा खोटा ठरेल, ते एका वाक्यात मांडा. असे वाक्य मांडता येत नसेल, तर दाव्याबद्दल त्यावरून काय कळते?